इव्हॅपोरेटरचं तापमान नेमकं ठरवतं कोण?

प्रश्न असा आहे: एसीची कॉइल पाच-सात अंशांवर चालते, डीप फ्रीजरची उणे पंचवीस-तीसवर. दोन्हीकडे चारच भाग: वाफ दाबणारा कॉम्प्रेसर, तिचा द्रव करणारा कंडेन्सर, द्रवाचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा नळी, आणि तो द्रव उकळवून उष्णता ओढणारा इव्हॅपोरेटर, म्हणजेच ही कॉइल. पुष्कळदा गॅससुद्धा तोच. मग तापमानात एवढा फरक येतो कुठून? एक्स्पान्शन व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडून तो मिळतो का? आणि एकाच कॉम्प्रेसरवर दोन खोल्या दोन वेगळ्या तापमानांना कशा ठेवतात?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. नेहमीचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तापमान ठरवत नाही. खरं तर कुठलाच एक भाग ते ठरवत नाही. कॉइलमध्ये दर सेकंदाला किती वाफ तयार होते आणि कॉम्प्रेसर किती वाफ ओढून नेतो, या दोन्हींचं ज्या दाबाला जमतं तो इव्हॅपोरेटरचा दाब. त्या दाबाला तो गॅस ज्या तापमानाला उकळतो, ते इव्हॅपोरेटरचं तापमान. थर्मोस्टॅट फक्त मशीन कधी थांबवायचं ते सांगतो. मशीन चालू असताना कॉइल किती अंशांवर राहील यात त्याचा हात नसतो.

आता हेच जरा आकड्यांत बघू. आर-१३४ए घेतो, कारण तो फ्रीजपासून चिलरपर्यंत सगळीकडे वापरला गेला आहे. खालचे सगळे दाब ॲब्सोल्यूट, म्हणजे पूर्ण व्हॅक्यूमपासून मोजलेले आहेत; गेजवर वाचताना साधारण एक बार वजा करा. कॉइलमध्ये ३.५ बार दाब असेल तर हा गॅस ५ अंशांना उकळतो. २.९३ बारला शून्य अंशाला, २ बारला उणे १० ला, १.३३ बारला उणे २० ला आणि ०.८४ बारला उणे ३० ला. म्हणजे कॉइल उणे ३० वर न्यायची तर आतला दाब हवेच्या दाबाखाली, व्हॅक्यूममध्ये न्यावा लागतो. एवढंच करायचं असेल तर कोणताही कॉम्प्रेसर कोणतंही तापमान देईल असं वाटतं. अडचण दाब उतरवण्यात नाही; तो दाब उतरलेला ठेवून काम करून घेण्यात आहे.

कारण दाब उतरला की वाफ विरळ होते. ५ अंशांना आर-१३४एच्या एका घनमीटर वाफेचं वजन सुमारे १७ किलो, उणे ३० ला जेमतेम साडेचार किलो. कॉम्प्रेसर हे आकारमान ओढणारं यंत्र आहे. पिस्टन एका फेरीत जेवढी जागा मोकळी करतो, तेवढीच वाफ आत येते, मग ती दाट असो की विरळ. म्हणजे त्याच यंत्रातून, त्याच वेगाने, उणे ३० ला जवळजवळ एक चतुर्थांश गॅस फिरणार. त्यात कंडेन्सर ४० अंशांवर, म्हणजे १०.२ बारवर असेल, तर दाबाचं गुणोत्तर ५ अंशांच्या कॉइलला साधारण ३ पडतं आणि उणे ३० ला १२. सिलिंडरच्या माथ्याशी उरलेली थोडीशी दाबलेली वाफ पुन्हा पसरते आणि नव्या वाफेची जागा खाते. गुणोत्तर १२ असताना हे नुकसान चांगलंच जाणवतं. शिवाय दर किलोमागे मिळणारी थंडीही थोडी घटते. सगळं मिळून, जो कॉम्प्रेसर एसीच्या कॉइलवर सहा किलोवॅट थंडी देतो, तोच उणे ३० च्या कॉइलवर एक किलोवॅटच्या आसपास देईल. किंमत इथे मोजावी लागते.

तर कॉम्प्रेसरची बाजू अशी: सक्शन दाब, म्हणजे कॉम्प्रेसर ज्या दाबाला वाफ ओढतो तो, जितका खाली, क्षमता तितकी कमी. कॉइलची बाजू याच्या बरोबर उलटी: कॉइल खोलीपेक्षा जितकी थंड, तितकी उष्णता ती जास्त ओढते. एक रेघ चढती, एक उतरती. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे मशीन स्थिरावतं.

एक उदाहरण करून बघा. खोली २ अंशांवर आहे. कॉइल अशी की तिच्यात आणि खोलीच्या हवेत दर एक अंशाच्या फरकाला ती ५०० वॅट ओढते. कॉम्प्रेसर उणे ५ ला ४ किलोवॅट देतो आणि तिथून खाली प्रत्येक अंशाला १४० वॅट गमावतो. कॉइल उणे ५ वर असेल तर ती साडेतीन किलोवॅटचीच वाफ करते. कॉम्प्रेसर चार किलोवॅटची ओढायला बघतो. वाफ कमी पडते, दाब उतरतो. उणे ५.८ च्या सुमाराला दोघेही ३.९ किलोवॅटवर येतात आणि दाब थांबतो. कुणी काही सेट केलेलं नाही.

आता मालक म्हणाला, ‘थंडी कमी पडते, मोठा कॉम्प्रेसर टाका.’ उणे ५ ला साडेपाच किलोवॅट देणारा टाकला, कॉइल तीच ठेवली. नवा तोल उणे ८ च्या आसपास जमतो आणि थंडी मिळते पाच किलोवॅटपेक्षा किंचित कमी. कॉम्प्रेसर दीड किलोवॅटने वाढवला, हातात एकच आला. वर कॉइल आणखी थंड झाल्यामुळे खोलीतल्या हवेतली ओल तिच्यावर जास्त जमते, बर्फ लवकर धरतो आणि उघडा ठेवलेला माल सुकतो. उलट कॉम्प्रेसर जुनाच ठेवून कॉइल दुप्पट केली असती, तर तोल उणे २.४ ला जमला असता आणि थंडी ४.४ किलोवॅट मिळाली असती, तीही कमी दाबगुणोत्तरावर, म्हणजे वीज कमी जाळून. हे दोन्ही हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतात, तरी फारसं कुणी करत नाही. कॉम्प्रेसर बदलणं डोळ्यांना दिसतं म्हणून असेल.

यावरूनच कळेल की वेगवेगळ्या कामांना वेगवेगळा फरक का ठेवतात. खोली आणि कॉइल यांच्यातला हा फरक पाच-सहा अंशांचाच ठेवला तर आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या जवळपास टिकते. भाजीपाला, फुलं अशा गोष्टींना ते लागतं. तोच आठ-दहा अंशांवर नेला की हवा कोरडी होते. बाटलीबंद किंवा डबाबंद मालाला चालतं आणि कॉइल लहान, स्वस्त पडते. एसीत तर फरक अठरा-वीस अंशांपर्यंत जातो, कारण तिथे ओल काढणं हेही कामच आहे.

आता एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे. थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह काय बघतो? कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ तिच्या उकळण्याच्या तापमानापेक्षा किती गरम झाली आहे, म्हणजे सुपरहीट किती, एवढंच. कॉइलच्या बाहेरच्या टोकाला पाइपवर बांधलेल्या, आत गॅस भरलेल्या बल्बचा दाब त्याला उघडतो; कॉइलचा दाब आणि स्प्रिंग मिळून त्याला बंद करतात. स्क्रू फिरवला की स्प्रिंग बदलते आणि त्याबरोबर सुपरहीट. काम एकच: कॉइल द्रवाने पुरेपूर भिजती ठेवायची, पण द्रव कॉम्प्रेसरपर्यंत जाऊ द्यायचा नाही.

तरीही स्क्रू आवळला की सक्शन गेजचा काटा खाली येतो, हे खरं आहे, आणि ‘व्हॉल्व्हनेच तापमान सेट होतं’ हा समज त्यातूनच पसरला. होतं काय, तर द्रव कमी आल्याने कॉइलचा शेवटचा भाग कोरडा पडतो. कोरडा भाग जवळजवळ काहीच उष्णता ओढत नाही, म्हणजे तुम्ही कॉइल लहान केलीत. लहान कॉइलचा तोल खालच्या दाबाला जमतो. काट्यावरचं तापमान उतरलं, पण खोलीतून निघणारी उष्णता घटली. खोली आता आधीपेक्षा सावकाश थंड होणार.

म्हणून सक्शन कमी दिसला की आधी सुपरहीट मोजा, मगच गॅसच्या सिलिंडरला हात लावा. कॉइलच्या बाहेरच्या टोकाला पाइपवर थर्मामीटर घट्ट बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळा, तिथलाच दाब वाचा, आणि त्या दाबाचं उकळण्याचं तापमान पाइपच्या तापमानातून वजा करा. सक्शन कमी आणि सुपरहीट जास्त, वीस-पंचवीस अंश, असेल तर कॉइल उपाशी आहे: गॅस कमी असेल, ड्रायर (गॅसमधली ओल टिपणारा भाग) तुंबला असेल, व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा बल्बचा गॅस निघून गेला असेल. सक्शन कमी आणि सुपरहीटही कमी असेल तर कॉइलला द्रव भरपूर मिळतोय, उष्णताच मिळत नाही: पंखा बंद आहे, फिल्टर माखला आहे, पात्यांवर बर्फ चढला आहे. या दुसऱ्या अवस्थेत गॅस भरणं म्हणजे कॉम्प्रेसरला द्रव पाजणं. दोन्ही वेळा काटा एकाच जागी असतो, म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नये.

कॅपिलरीची गोष्ट थोडी वेगळी. ती ठरावीक लांबीची बारीक नळी. तिला काहीच कळत नाही, दोन टोकांच्या दाबातल्या फरकावर आणि आत शिरणाऱ्या द्रवाच्या थंडपणावर ती गॅस सोडते. त्यामुळे कॅपिलरीचं मशीन एकाच तोलाभोवती जुळवलेलं असतं आणि त्यात गॅस तोलून भरावा लागतो, अंदाजाने नाही. आणि अपवाद सांगायचा तर ऑटोमॅटिक, म्हणजे स्थिर दाबाचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. तो खरोखर कॉइलचा दाब धरून ठेवतो. पण उष्णता वाढली की तो उघडायच्या ऐवजी मिटतो, नेमकं हवं त्याच्या उलट. म्हणून जिथे भार जवळजवळ बदलत नाही अशा छोट्या यंत्रांतच तो शोभतो.

मग यंत्र बनवणारे उणे तीससाठी काय बदलतात? कॉइलच्या मानाने कॉम्प्रेसर मोठा घेतात, आणि तोही त्याच दाबासाठी बनवलेला. कॅटलॉगमध्ये एलबीपी, एमबीपी, एचबीपी ही अक्षरं दिसतात. कमी, मध्यम आणि जास्त बॅक प्रेशर. अमेरिकी पद्धतीत त्यांची क्षमता अनुक्रमे उणे २३.३, उणे ६.७ आणि अधिक ७.२ अंशांच्या इव्हॅपोरेटरवर, ५४.४ च्या कंडेन्सिंगला मोजतात. दोन कॉम्प्रेसरांच्या क्षमतेची तुलना करताना हे आकडे बघितले नाहीत तर तुलनेला अर्थ नाही. एलबीपीची मोटर विरळ वाफेच्या हिशेबाने केलेली असते. ती एसीच्या कॉइलवर लावली तर दाट वाफेने मोटरवर भार येतो आणि ओव्हरलोड तोडतो. एचबीपीचा कॉम्प्रेसर फ्रीजरवर लावला तर येणारी थोडीशी वाफ मोटरला थंड ठेवायला पुरत नाही. गरम खोलीतून सुरुवात करताना एलबीपीवरही तोच जास्तीचा भार येतो. म्हणून तिथे क्रँककेस प्रेशर रेग्युलेटर किंवा एमओपीचा (कमाल दाबाची मर्यादा पाळणारा) एक्स्पान्शन व्हॉल्व्ह लावून सुरुवातीचा सक्शन दाब दाबून धरतात.

दुसरा बदल गॅसचा. हवेच्या दाबाला आर-१३४ए उणे २६ ला उकळतो, अमोनिया उणे ३३ ला, प्रोपेन उणे ४२ ला, आर-४०४ए उणे ४६ च्या आसपास. कॉइल ज्या तापमानाला चालवायची, तिथे दाब हवेपेक्षा थोडा वरच राहील असा गॅस निवडणं बरं, कारण व्हॅक्यूममध्ये चालणाऱ्या मशीनला गळती लागली तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि ओल आत शिरते. हा नियम पाळायलाच हवा असं मात्र नाही. घरगुती फ्रीजमधला आयसोब्युटेन, आर-६००ए, उणे १२ च्या सुमाराला उकळतो. कॉइल उणे २५ वर असताना आत ०.६ बारच्या आसपास दाब असतो. रोज कोट्यवधी फ्रीज असे व्हॅक्यूममध्ये चालतात, कारण सगळे सांधे कारखान्यात पक्के केलेले असतात आणि गॅस अगदी थोडा, ग्रॅममध्ये मोजण्याइतका असतो. दुसऱ्या टोकाला कार्बन डायऑक्साइड: उणे ३० ला १४ बार दाब आणि घनमीटरला सुमारे ३७ किलो वाफ, आर-१३४एच्या आठपट. कॉम्प्रेसर एवढासा लागतो. पण उणे ५६.६ च्या खाली त्याचा द्रव राहतच नाही, बर्फ होतो. मग कितीही ओढा.

गॅस बदलूनही एका टप्प्यात सगळं जमत नाही. अमोनिया उणे ४० ला ०.७२ बार, कंडेन्सर ३५ अंशांना १३.५ बार: गुणोत्तर जवळपास १९. एका टप्प्यात एवढं दाबलं तर बाहेर पडणारी वाफ इतकी तापते की तेल जळतं. म्हणून दोन टप्पे करतात. मधला दाब दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ, इथे ३.१ बार, म्हणजे उणे ८ च्या आसपास. प्रत्येक टप्प्याला गुणोत्तर सव्वाचारच्या थोडं वर पडतं आणि मध्ये वाफ थंड करून घेता येते. गंमत अशी की मोठ्या शीतगृहात हाच उणे आठ-दहाचा मधला दाब थंड पण न गोठणाऱ्या खोल्यांना सरळ वापरता येतो. एकाच यंत्रणेत दोन तापमानं, कुठलाही दाब वाया न घालवता.

उणे ८० साठी दोन टप्पेही पुरत नाहीत. आर-१३४एचा दाब तिथे ०.०४ बारच्याही खाली जातो आणि एका घनमीटरात पाव किलो वाफही नसते. जो गॅस उणे ८० ला धड दाब देतो, तो आर-२३, त्याचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वाफेचा द्रव होत नाही ते) २६ अंश. ४० अंशांच्या कंडेन्सरमध्ये तो द्रव होणारच नाही. म्हणून कॅस्केड: खालच्या चक्रात आर-२३ किंवा इथेन, वरच्या चक्रात नेहमीचा गॅस, आणि खालच्याचा कंडेन्सर हाच वरच्याचा इव्हॅपोरेटर. लस आणि नमुने ठेवायचे उणे ८० चे बरेच फ्रीजर असेच चालतात.

राहिला शेवटचा प्रश्न, एक कॉम्प्रेसर आणि दोन तापमानं. दोन कॉइलींचा सक्शन एकाच पाइपात सरळ जोडला तर दोघींत दाब एकच, म्हणजे तापमानही एकच. वेगळेपणा हवा तर गरम कॉइलच्या बाहेर इव्हॅपोरेटर प्रेशर रेग्युलेटर बसवतात. तो स्वतःच्या आधीचा दाब बघतो आणि तो ठरवल्याखाली उतरायला लागला की मिटतो. समजा एक कॉइल उणे ५ ला हवी, २.४३ बार; दुसरी उणे २५ ला, १.०६ बार. कॉम्प्रेसर १.०६ वर ओढतो, रेग्युलेटर पहिल्या कॉइलला २.४३ च्या खाली जाऊ देत नाही. थंड कॉइलच्या सक्शनमध्ये चेक व्हॉल्व्ह (वाफ एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, नाहीतर मशीन थांबल्यावर गरम कॉइलची वाफ थंड कॉइलमध्ये जाऊन द्रव होऊन बसते. लोक नेमका हाच स्वस्तातला भाग गाळतात.

हे चालतं, पण महाग. उणे ५ च्या कॉइलची वाफ रेग्युलेटरमध्ये दाब गमावून उणे २५ च्या पातळीला येते आणि कॉम्प्रेसरला ती तिथून उचलावी लागते. ४० अंशांच्या कंडेन्सिंगला निव्वळ आदर्श चक्राच्या हिशेबानेसुद्धा त्या थंडीला दीडपटीहून थोडी जास्त वीज लागते. माझं मत विचाराल तर थंड खोली छोटी आणि गरम खोली मोठी असेल तर रेग्युलेटरचा विचारच करू नका, छोट्या खोलीला स्वतंत्र कॉम्प्रेसर द्या. मोठ्या दुकानांतल्या रॅकमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्रेसरांच्या संचात, म्हणूनच सक्शनचे गट वेगळे असतात.

घरच्या फ्रीजमध्ये यापैकी बहुतेक भानगड नसते. नो-फ्रॉस्टमध्ये सहसा एकच कॉइल, फ्रीजरच्या तापमानाची. खालच्या कप्प्यात डॅम्परमधून, म्हणजे उघडमीट करणाऱ्या झडपेतून, मोजून थंड हवा सोडतात. काहींत दोन कॉइली आणि एक व्हॉल्व्ह असतो, जो गॅस आळीपाळीने इकडे नाहीतर तिकडे पाठवतो. फ्रीजरची पाळी असताना सक्शन दाब खाली, दुसऱ्या कप्प्याची असताना वर. इथे दोन तापमानं एका वेळी नाहीत, एकामागून एक आहेत, म्हणून दाब वाया जात नाही.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी एवढंच: वेग कमी केला की कॉम्प्रेसर कमी ओढतो, तोल वरच्या दाबाला जमतो, कॉइल गरम चालते. म्हणून कमी वेगात वीज वाचते, आणि म्हणूनच दमट दिवसात तोच एसी ओल नीट काढत नाही अशी तक्रार येते.

आणि दाब मोजाल तो कॉइलच्या तोंडाशी मोजा, कॉम्प्रेसरशी नाही. सक्शन पाइपात ०.१ बार गेला तर ५ अंशांच्या कॉइलला तो एका अंशाहूनही कमी फरक; उणे ३० ला मात्र जवळजवळ तीन अंश. फ्रीजरचा सक्शन पाइप एक साइज बारीक घातलेला असला की कॉम्प्रेसरवरचा गेज उणे ३३ दाखवतो आणि कॉइल उणे ३० वर बसलेली असते.